शेवटच्या बँडला नऊ माणसं

सकाळी फेसबुक उघडलं आणि डोकं फिरलं. काल रात्रीच्या ब्लॅक मेटल गिगचे, म्हणजे रॉकच्या त्या सुसाट, किंचाळणाऱ्या प्रकाराच्या कार्यक्रमाचे फोटो. लाल दिवे, धूर, काळे-पांढरे रंगवलेले चेहरे, आणि वर लिहिलंय, 'काय रात्र होती! आपला सीन जिवंत आहे!' सीन म्हणजे बँड आणि त्यांना ऐकणारे आपण सगळे. खाली बदामांचा पाऊस. ज्याने हे टाकलंय तो काल दुसऱ्या बँडनंतर निघून गेला. मी दाराजवळच उभी होते, माझ्या देखत गेला. बँड चार होते.

नाव घेत नाही, कारण तो एकटा नव्हता. पहिल्या बँडचे मित्र पहिल्या बँडनंतर गेले, दुसऱ्याचे दुसऱ्यानंतर. तिसऱ्या बँडने तर कमालच केली. स्वतःचं वाजवून झालं, सामान आवरलं, फोटो काढले, आणि ड्रमखाली अंथरलेला गालिचा त्यांचा होता म्हणून तोही गुंडाळून नेला. चौथा बँड स्टेजवर आला तेव्हा मी समोरची माणसं मोजली. नऊ.

आणि पहिल्याच गाण्यात बेस ड्रम, म्हणजे पायातल्या पेडलने वाजवायचा तो मोठा ड्रम, सरकायला लागला.

ज्यांनी ड्रम जवळून पाहिलेत त्यांना हे माहीत असेल. खाली गालिचा नसेल तर गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय टेकत नाहीत. त्यात ब्लॅक मेटल म्हणजे दोन्ही पायांचा अखंड मारा, ब्लास्ट बीट, म्हणजे तो सुसाट सलग ठोका, सुरू झाला की हातांनाही उसंत नाही. प्रत्येक ठोक्याला ड्रम बोटभर पुढे. ड्रमर मुलगी होती. ती वाजवता वाजवता स्टूल पुढे ओढत होती, सिंबल मागे राहत होते, आणि तरी ताल सुटू देत नव्हती. दुसऱ्या गाण्याला पेडल पार निसटलं.

तेव्हा पहिल्या बँडचा ड्रमर उठला. त्याचा सेट संपून दोन तास उलटून गेले होते. चेहऱ्यावरचा रंग अजून तसाच, पांढरा घामाने हनुवटीपर्यंत ओघळलेला, डोळ्यांभोवतीचं काळं गालांवर उतरलेलं. कुणाला काही न विचारता तो स्टेजवर चढला, साउंडवाल्याने माइक जरा बाजूला घेतला, आणि हा बेस ड्रमच्या कडेला पाठ लावून फरशीवर बसला. टाचा रोवल्या, हात मांडीवर. ३५ मिनिटं बसून राहिला. प्रत्येक ठोक्याला त्याचे खांदे हलताना मला दिसत होते.

सीन म्हणजे काय असं कुणी मला आता विचारलं तर मी त्या पाठीकडे बोट दाखवेन.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. सकाळी कामं असतात, शेवटची गाडी चुकते, घरी लहान मूल असतं. बरोबर आहे. ज्याला खरंच जायचं होतं त्याने जावं, मी त्याच्याबद्दल बोलत नाही. पण काल बाहेरच्या पायरीवर वीसेक जण तासभर गप्पा मारत उभे होते. आत बँड वाजवतोय आणि हे बाहेर 'लाइव्ह म्युझिकला हल्ली कुणी येत नाही' यावर चर्चा करतायत! मी आत-बाहेर करून दोनदा सांगितलं, चला रे आत. 'हो हो, आलोच.' कुणी आलं नाही.

आणि हे फक्त मनाला लागण्यापुरतं नाही. खोली रिकामी झाली की आवाज खरोखर बिघडतो. माणसांची अंगं, कपडे आवाज शोषून घेतात, विशेषतः वरच्या पट्टीतला. ती गेली की तोच आवाज उघड्या भिंतींवर आपटून परत येतो. ब्लॅक मेटलची गिटार म्हणजे ट्रेमोलो पिकिंग, एकच तार इतक्या झपाट्याने छेडायची की सुटे सूर मिसळून एक सलग भिंत उभी राहते. त्या भिंतीच्या आत चाल असते, बहुतेक वेळा फार उदास आणि सुंदर चाल. भरलेल्या खोलीत ती ऐकू येते. रिकाम्या खोलीत सगळा गोंगाट होतो. मग बाहेर उभे असलेलेच म्हणतात, शेवटच्या बँडचा साउंड वाईट होता. अरे, तुम्ही आत नव्हता म्हणून वाईट होता!

फोटोखाली एकाने लिहिलंय की ब्लॅक मेटल मुळात लाइव्ह ऐकायचं संगीतच नाही, एकट्याने अंधारात हेडफोन लावून ऐकायचं. यात तथ्य आहे, मान्य. या संगीतातली जुनी मोठी नावं घ्या: बाथरीने सुरुवातीलाच मैफली सोडल्या, बर्झम कधी स्टेजवर आलाच नाही, डार्कथ्रोनने कित्येक वर्षांत लोकांसमोर वाजवलेलं नाही. पण मग नॉर्वेच्या मेहेम बँडचं काय? १९९० च्या नोव्हेंबरमध्ये ते जर्मनीत लाइपझिगच्या एका क्लबमध्ये वाजवून गेले. तेव्हा त्यांच्या नावावर पूर्ण लांबीचा एक अल्बमसुद्धा नव्हता, तो आला १९९४ मध्ये. त्यांचा गायक, टोपणनाव डेड, १९९१ च्या एप्रिलमध्ये गेला, जेमतेम २२ वर्षांचा. त्याचा आवाज आज आपल्यापाशी आहे तो मुख्यतः अशा क्लबांमधल्या रात्री कुणीतरी टेपवर धरून ठेवल्या म्हणून. त्या रात्री तिथे थांबलेली माणसं होती. थांबलेली!

आणि कृपा करून आजच्या दिवस मला चर्च आणि खून ऐकवू नका. ऑफिसात सकाळपासून दोघांनी ऐकवलंय, एकाने फोटो बघून 'तू असल्या ठिकाणी जातेस?' म्हणून. हो, झालं ते. १९९२ मध्ये नॉर्वेतलं फँटॉफ्टचं लाकडी चर्च जाळलं गेलं, १९९३ मध्ये मेहेमचा गिटारवादक युरोनिमस याचा खून झाला, मारणारा त्याच्याच वर्तुळातला, आणि ते करणाऱ्यांचं कौतुक करणारे मूर्ख अजूनही आहेत. वंशद्वेष गाणारे बँडही आहेत, त्यांना कुठल्याही बारने दार उघडू नये. यावर माझं दुसरं मत नाही. पण तीस वर्षांपूर्वीच्या मूठभर पोरांच्या गुन्ह्यांचा हिशोब दर वेळी माझ्याकडे का मागायचा? काल स्टेजवर चौथ्या बँडने गायलं ते आजीच्या मरणावर. गाण्याआधी गायकाने हळू आवाजात तेवढंच सांगितलं. मग जे ओरडला! माझ्या अंगावर काटा आला. कुणाच्या मरणानंतर अगदी असंच ओरडावंसं मला वाटलं होतं, आणि मी पाहुण्यांना पाणी देत फिरले होते.

हे लिहिता लिहिता जरा शांत झाले.

म्हणजे राग गेला असं नाही. पण डोळ्यांपुढे येतोय तो फोटो टाकणारा नाही, तो ड्रमला टेकलेला मुलगाच येतोय. मधल्या एका संथ भागात, जिथे किक, म्हणजे बेस ड्रमचा ठोका, थांबते आणि नुसती गिटार उरते, तिथे त्याने मान मागे टाकून डोळे मिटले होते. मग पुन्हा ब्लास्ट सुरू झाला आणि तो दचकून ताठ झाला, टाचा पुन्हा रोवल्या. तेवढ्यात ड्रम इंचभर सरकला होता. त्याने पाठीनेच तो मागे ढकलला. मागे बसलेल्या मुलीने तालाचा एक ठोकाही न चुकवता मान झुकवली. आभार तेवढेच. त्याला ते दिसलंही नसेल, त्याची तर पाठ होती.

एवढ्या आवाजाने कान खराब होतात म्हणाल तर तेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे आणि काल ती पाळली गेली असेल असं मला वाटत नाही. मी इअरप्लग घालून जाते. तुम्हीही घाला आणि आत उभे राहा. ब्लॅक मेटल कानांइतकंच छातीने ऐकायचं असतं, प्लग घातल्याने काही उणं पडत नाही.

आणखी एक, बँडवाल्यांसाठी. गालिचा ठेवून जा रे. दुसऱ्या दिवशी येऊन न्या, मी स्वतः आणून देईन. ड्रम किट सगळ्यांना मिळून एकच असतं, स्नेअर, सिंबल आणि पेडल तेवढे ज्याचे त्याचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. ही वाटून घ्यायची सवय आहे म्हणून तर चार बँड एका रात्रीत होतात. स्वतः वाजवून झाल्यावर दुसऱ्याचं उभं राहून ऐकायचं, हा त्याच व्यवहाराचा भाग आहे. तुम्हीच गेलात तर तुमचे मित्र कशाला थांबतील?

शेवटचं गाणं संपलं तेव्हा स्पीकरमधली फीडबॅकची शीळ बराच वेळ रेंगाळली. नऊ जणांच्या टाळ्या किती वाजणार? तरी आम्ही वाजवल्या, हात दुखेपर्यंत. तो मुलगा लगेच उठला नाही, पाय आखडले असावेत. मी हात दिला. त्याचा टी-शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो कानात बोट घालून हलवत होता.

मला म्हणाला, "ताई, गाणी कशी होती? मला नुसती किकच ऐकू आली."

मग बार बंद करायची वेळ झाली तरी आम्ही दोघं स्टेजच्या कडेवर बसून होतो, आणि मी त्याला पहिल्या गाण्यापासून एकेकाची चाल गुणगुणून दाखवत होते.