सहीआधी करारपत्र वाचा

ई-बुकसाठी प्रकाशक कसा निवडावा, यावरच्या लेखात म्हटलंय की प्रकाशकाची वेबसाइट आणि मुखपृष्ठं पाहून घ्या. बरोबर आहे, पण त्याआधी करारपत्र वाचा. पहिल्या ई-बुकच्या वेळी मी आनंदाच्या भरात सही करून मोकळी झाले. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ ही ओळ सातव्या कलमात होती. पुढे ऑडिओबुक करायचं ठरवलं, तर माझ्याच पुस्तकासाठी त्यांची परवानगी मागायची वेळ आली. दीड वर्ष उत्तरच नाही. तेव्हा हक्क किती वर्षांसाठी, कोणत्या माध्यमाचे आणि परत कसे मिळणार, हे लेखी घ्याच. ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्टमध्येसुद्धा (लेखकांनी स्वतःच ई-बुक प्रकाशित करण्याच्या सेवेतली एक योजना) ई-बुक फक्त त्यांच्याकडेच ठेवण्याची अट एका वेळी ९० दिवसांची असते (ती आपोआप वाढते, तेवढं लक्षात ठेवा). मग कुणालाही कायमचे हक्क का द्यायचे?

रॉयल्टी विक्रीकिमतीवर की दुकानाचा वाटा वजा जाऊन उरलेल्या रकमेवर, हेही विचारा. नुसतं ‘५० टक्के’ ऐकून हुरळून जाऊ नका. आणि प्रकाशकाच्या यादीतल्या दोन-तीन लेखकांना गाठून विचारा, विक्रीचा हिशोब न मागता येतो का? मी आता सगळ्यात आधी तेच विचारते.