सात घरांचा चौक

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रस्ताव आला. चौकात पेव्हर ब्लॉक बसवायचे, पार्किंगचे पिवळे पट्टे मारायचे आणि प्रत्येक घराला जागा नेमून द्यायची. संध्याकाळपर्यंत त्यावर अकरा अंगठे पडले होते. उत्तर म्हणून मी दोन ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या, कारण मला जे सांगायचंय ते दोन ओळींत मावेना. म्हणून इथे लिहिते आहे. लांबेल, पण वाचा.

मी नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते. बाबांनी परळच्या चाळीतली खोली सोडून इथे घर घेतलं तेव्हा मी सात वर्षांची होते. साल १९८८. "खाडीपलीकडे? तिथे रात्री-अपरात्री काय करायचं?" असं आजी महिनाभर विचारत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. खाडीवरचा पूल १९७३ पासून होता, पण लोकल नव्हती. ती वाशीला पोचली १९९२ मध्ये आणि बेलापूरला त्यानंतर. तोवर बाबा बसने जायचे-यायचे, आणि आठवड्यात त्यांचं तोंड आम्हाला रविवारीच नीट दिसायचं. घर कौलारू, पांढऱ्या भिंतींचं, दोन खोल्यांचं. मागे थोडी मोकळी जागा, कडेला न्हाणीघर आणि संडास. दार उघडलं की समोर चौक. पहिल्याच दिवशी आई दारात उभी राहून म्हणाली, "चाळीची गॅलरी कुणीतरी जमिनीवर आणून ठेवलीय."

ही वसाहत आखणारे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, हे नाव आईला तेव्हा माहीत नव्हतं. पण त्यांच्या आराखड्याचं इतकं नेमकं वर्णन मी पुढे कुठे ऐकलं नाही.

हा आराखडा समजून घेण्यासारखा आहे. सुमारे ५.४ हेक्टर जागा आणि तिच्यात साधारण ५५० कुटुंबं. काम झालं १९८३ ते १९८६ या काळात. एवढी कुटुंबं एवढ्या जागेत बसवायची तर चार-पाच मजली इमारती उभ्या करायच्या, हा रुळलेला मार्ग. कोरियांनी तीच दाटी बसक्या घरांत बसवून दाखवली. सात घरं एका चौकाभोवती. तो चौक साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचा. असे तीन गट एकत्र आले की एकवीस घरं, आणि त्यांच्या मध्ये १२ मीटरची मोकळी जागा. असे तीन मिळून आणखी मोठी, सुमारे २० मीटरची. अशा वाढत वाढत या जागा शाळेपर्यंत पोचतात. मधून एक ओढा जातो. पावसाळ्यात डोंगराचं पाणी त्यातून वाहतं, आणि आमच्या लहानपणी होड्याही त्यातूनच जायच्या.

त्यातलीही मला सर्वांत जवळची गोष्ट भिंतीची. इथे दोन घरांची भिंत सामाईक नाही. प्रत्येक घर आपल्या तुकड्यावर सुटं उभं आहे, म्हणजे शेजाऱ्याला हात न लावता तुम्ही तुमचं घर वाढवू शकता. शेजारच्या घरावर रोखलेल्या खिडक्या नाहीत. संडास मात्र जोडीजोडीने बांधले, कारण त्यात सांडपाण्याच्या नळांचा खर्च वाचतो. बांधकाम इतकं साधं की गावातला कुठलाही मिस्त्री ते पुढे नेऊ शकेल. आणि प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरच्या मधले. लहान घरवाला आणि मोठ्या घरवाला यांच्या पगारात कितीतरी जास्त अंतर होतं, जमिनीत मात्र ते फार पडू दिलं नाही. ज्याच्याकडे आज पैसे नाहीत त्याच्याकडे उद्या येतील, तेव्हा त्याच्या पायाखाली पुरेशी जमीन असायला हवी. कोरियांचं कूळ गोव्याचं. त्यांनीच आखलेली पणजीची कला अकादमी ज्यांनी पाहिली असेल त्यांना उघड्या जागेवरचा हा जीव लगेच ओळखू येईल.

वास्तुकलेचे विद्यार्थी आजही इथे वह्या घेऊन येतात. त्यातले काही हळहळतात: मूळ घरं राहिलीच नाहीत, कौलं गेली, तीन-तीन मजले चढले, संगमरवरी टाइल्स आल्या. मला ही हळहळ पटत नाही. आमच्या घरावर पहिली खोली १९९६ मध्ये चढली, माझ्या दहावीसाठी. भावाचं लग्न ठरलं तेव्हा दुसरा जिना झाला. कौलं काढली कारण दर जूनला माकडं ती फोडायची आणि गळती आईच्या देव्हाऱ्यावर यायची. ही घरं वाढण्यासाठीच आखली होती. ती वाढली, म्हणजे आराखडा कामी आला. मूळ घर जसंच्या तसं राहिलं पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक मे महिना त्या दोन खोल्यांत सहा माणसांसह काढून बघावा.

बदलायला नको होतं ते एकच, मधला चौक. सगळी घरं त्याच्या भरवशावर लहान ठेवली होती.

आमच्या चौकात काय काय झालं ते सांगते. एप्रिलमध्ये कुरडया आणि सांडगे सातही घरांचे एकाच साड्यांवर वाळत, आणि राखणीला पोरं. माझी मंगळागौर चौकात झाली, कारण घरात झिम्मा घालायला जागा नव्हती. बाबा गेले तेव्हा त्यांना इथेच ठेवलं होतं. समोरच्या काकूंनी त्या दिवशी आमच्या घरची चूल पेटू दिली नाही, आणि पुढचे तेरा दिवस कोणाच्या घरून कुठला डबा येणार हे आम्हाला विचारावं लागलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळे आपापल्या पायरीवर बसून संध्याकाळी बोलायचो. उंच इमारतीत राहणारी माझी मैत्रीण तेव्हा फोनवर म्हणाली होती, "तुझ्याकडे आवाज केवढे येतायत गं!"

आता शहराबद्दल थोडं, कारण हा चौक हवेतून पडलेला नाही. १९६४-६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मुंबईसमोर एक कल्पना ठेवली: चिंचोळ्या बेटावर उत्तर-दक्षिण रेटारेटी करण्यापेक्षा खाडीच्या पूर्वेला शहर वाढवा. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था, स्थापन झाली, आणि सुरुवातीच्या वर्षांत कोरियाच तिचे मुख्य वास्तुविशारद होते. राज्य सरकारचा कारभार इकडे आणायचा, म्हणजे नोकऱ्या आणि माणसं मागोमाग येतील, हा त्यातला कणा. तो आलाच नाही. कोकण विभागाच्या कचेऱ्यांचं कोकण भवन आलं, मंत्रालय तिकडेच राहिलं, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टॉवर उभे राहिले. माझ्या बाबांनी वर्षानुवर्षं बसमध्ये घालवलेले तास त्या एका निर्णयाचे आहेत असं मला आजही वाटतं.

आणि जमीन. ती रिकामी नव्हती. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या ९५ गावांची ती जमीन: आगरी, कोळी, कराडी लोकांची भातशेती, मिठागरं, खाजणं. स्वस्तात घ्यायची, विकसित करून वाढत्या भावाने विकायची आणि त्या फरकातून रस्ते, पाणी, शाळा उभारायच्या, असं शहराचं गणित होतं. शहरासाठी ते सोयीचं. ज्याची शेती गेली त्याला मात्र तो फरक रोज डोळ्यांसमोर दिसत होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात, जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि नवघर फाट्यावर, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. आमच्या वसाहतीची घरं उभी राहत होती ती नेमकी याच वर्षांत. दिवाळे गावाहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशी आईला सांगायच्या की इथे अमुक बाजूला खाचरं होती. आई ऐकून घ्यायची आणि भाव करायची नाही. सेक्टर आखीव आणि शेजारचं गावठाण दाटीवाटीचं, असं जे चित्र दिसतं त्यावरून गावकऱ्यांना नावं ठेवणारे लोक माझ्याही ओळखीत आहेत. त्यांनी जानेवारी १९८४ च्या या दोन तारखा पाठ कराव्यात.

इतकी किंमत मोजून मिळालेली मोकळी जागा आपण गाड्यांना देणार आहोत. माझा राग इथून येतो.

गाड्यांची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. या गल्ल्या आखल्या तेव्हा अशा घरांत स्कूटर असली तरी खूप होतं. आज आमच्या सात घरांत नऊ गाड्या आहेत, त्यातली एक आमची. पण जरा मोजून बघा. ८ बाय ८ म्हणजे ६४ चौरस मीटर. गाडी आत घेणं, वळवणं, दारं उघडणं धरलं तर कशाबशा चार बसतील. म्हणजे चौक संपूर्ण घालवूनही पाच गाड्या बाहेरच. त्या चार कोणाच्या, यावरून पुढची दहा वर्षं भांडणं. सातही दारांसमोर बंपर. आईचा वॉकर कुठून जाणार? आणि पेव्हर ब्लॉक बसले की कडेचा कडुनिंब दोन-तीन वर्षांत वाळतो, हे शेजारच्या गल्लीत आपण पाहिलंय.

माझं म्हणणं असं: चौकात गाडी यावी ती आजारी माणसाला न्यायला, सामान उतरवायला, बस्स. बाकी नऊच्या नऊ बाहेरच्या रस्त्यावर. तिथे रात्रीच्या पार्किंगची आखणी करून मागायला एकवीस घरांच्या सह्यांचं पत्र महापालिकेला देऊ. मसुदा मी लिहून ठेवलाय. पहिली आमची गाडी मी कालपासून बाहेर लावते आहे, दोन मिनिटं चालावं लागतं.

रविवारी सकाळी दहाला बैठक आहे, चौकातच. अंगठा देणाऱ्या अकरा जणांनीही यावं. मी मोजायची टेप आणि खडू घेऊन येते. चार गाड्यांची जागा जमिनीवर आखू आणि मग आई तिच्या वॉकरने दारापासून कडुनिंबापर्यंत चालून दाखवेल. चहा समोरच्या काकूंकडे.