खुलासा : मारुती चौकातले डोंबारी आणि ‘मुलं पळवणारी टोळी’

‘सांगलीत मारुती चौक, गणपती पेठेत फिरणारे डोंबारी, नंदीबैलवाले, भिकारी मुलं पळवतात, दिसले की चोपा’ हा मेसेज खोटा आणि जीवघेणा आहे. अशाच अफवेने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागणाऱ्या पाच डवरी गोसाव्यांचा बळी घेतला. त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. सप्टेंबर २०२२ मध्ये तर आपल्या जत तालुक्यात, लवंग्याला, वाट विचारणाऱ्या चार साधूंना बेदम मारलं. लाज वाटावी अशी गोष्ट!

भीक मागण्याविरुद्ध १९५९चा कायदा आहे. रस्त्यावर खेळ करून पैसे मागणंही त्यात येतं. पण कारवाई पोलिसांनी करायची, जमावाने नव्हे. मूल संकटात दिसलं तर १०९८ किंवा ११२ला फोन करा.