स्पष्टवक्ते, आंबा आणि खोकल्याचं औषध

श्री. स्पष्टवक्ते,

खरं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून याच नावाने हाक मारतो. क्रिकेटपटू पृथ्वी शॉवर उत्तेजकामुळे बंदी आली, तेव्हाच्या बातम्यांची भाषा म्हणजे चिखलफेक, असं मी एका लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: 'कोकणात पडवीत बसून आंबे चोखत पत्रकारांना शहाणपण शिकवणं सोपं आहे. शॉची बंदी मार्चपासून धरली, जाहीर केली जुलैअखेर, आणि मधे पठ्ठ्या आयपीएल खेळून मोकळा. त्यावर प्रश्न विचारणं म्हणजे चिखलफेक? पत्रकार डेव्हिड वॉल्श मागे लागला नसता तर सात टूर द फ्रान्स सायकल शर्यती आजही उत्तेजकं घेणाऱ्या आर्मस्ट्राँगच्याच नावावर असत्या. अभ्यास करून लिहा.'

आधी आंब्याचं बघू. चोखतात तो रायवळ. हापूस कापून खातात. कोकणी माणसाला टोमणा मारायचा तर निदान एवढी चौकशी करावी, कारण शेवटी 'अभ्यास करा' तुम्हीच सांगताय. शिवाय हे ऐन श्रावणात लिहितोय. आत्ता आमच्याकडे आंबा असलाच तर तो बरणीत, मिठात. पडवीचं मात्र खरं आहे. मोबाइलला रेंज तिथेच येते, माजघरात येत नाही. त्यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला कळलेलं नाही.

'शहाणपण शिकवणं सोपं' हे जास्त लागलं, म्हणून सांगतो. बारा वर्षं मी कणकवलीत एका दैनिकाचा वार्ताहर होतो. आमच्या तालुक्यात कबड्डीचा एक चढाईपटू होता. पोरं त्याचं नाव घेऊन अंगणात खेळायची. तो सुई टोचून मैदानात उतरतो, अशी चहाच्या टपरीवर कुजबुज होती. मी चार ओळी पाठवल्या, 'चर्चा आहे' असं लिहून. सकाळी पाहतो तर तीन कॉलमी बातमी, फोटोसकट, आणि 'चर्चा' हा शब्द गायब. इंजेक्शन होतं दम्याचं, सरकारी दवाखान्यातलं. खुलासा आठव्या दिवशी आला, दोन ओळींचा, भरती-ओहोटीच्या वेळांखाली. पुढच्या मोसमात तो संघात नव्हता. जत्रेत समोर आला तर अजून मान वळवतो. तेव्हा ही भाषा काय करते, ते मला टीव्हीवर बघून कळलेलं नाही.

आता शॉ. 22 फेब्रुवारी 2019 ला इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याचा नमुना घेतला, त्यात टर्ब्युटालिन सापडलं. हे श्वासनलिका मोकळी करणारं औषध, खोकल्याच्या सिरपमध्ये सर्रास असतं. अनवधानाने घेतलं हे त्याचं म्हणणं क्रिकेट मंडळाने मान्य केलं आणि तरी आठ महिने बंदी घातली, कारण अनवधानाने शिक्षा कमी होऊ शकते, आपोआप माफ होत नाही. तो निर्दोष होता असं मी लिहिलेलंच नाही. माझं म्हणणं एवढंच, की मराठीत या सगळ्याला आपण 'उत्तेजक' हा एकच शब्द वापरतो. कफ सिरपही उत्तेजक आणि स्नायू फुगवणारं स्टेरॉइडही उत्तेजक. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सुईच येते. राजकोटच्या पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं तेव्हा ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, त्यांना नंतर 'टर्ब्युटालिन म्हणजे काय' यासाठी दोन ओळी जड झाल्या.

नरसिंग यादवचंही तेच. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी पैलवान, उत्तेजक चाचणीत सापडलेला. 1 ऑगस्ट 2016 ला नाडाने, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, त्याला घातपाताचा बळी मानून सोडलं, तेव्हा मी पाहत होतो त्या वाहिनीवर पेढे वाटायचेच बाकी होते. 18 तारखेला, ऑलिंपिकमधल्या त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओत आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. त्याच वाहिनीवर तेच चेहरे, आता सुतकी. घातपाताचा पुरावा लवादाला का पटला नाही, हे समजावून सांगायला कोणाला सवड नव्हती.

तुमची एक गोष्ट मान्य करतो, मोकळ्या मनाने. लेखात मी बंदी 30 जुलैपासून लिहिली होती. ती जाहीर झाल्याची तारीख. बंदी मोजली 16 मार्चपासून, 15 नोव्हेंबरपर्यंत. तारखेची चूक होती, दुरुस्त केली आहे. मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. आयपीएलचं म्हणाल तर तो मंडळाचा कारभार, मंडळाला विचारा. माझा विषय बातमीची भाषा हा होता. आर्मस्ट्राँगचं प्रकरण फार वेगळं आहे, त्यावर कधीतरी सवडीने लिहीन.

'पठ्ठ्या' हा शब्द मात्र परत एकदा वाचून बघा. प्रश्न विचारणाऱ्या माणसाची भाषा अशी असते? आमच्याकडे याला गजाली म्हणतात, आणि त्या टपरीवर शोभतात.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा. खऱ्या नावाने लिहिलीत तर आधी छापीन.