बाहुल्या, घोडा, टाच आणि हेक्टरची पाठ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चांगलीच रागावून लिहिलेली आहे. म्हणजे ‘इलियड’ या होमरच्या ग्रीक महाकाव्यावरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात. त्याबद्दल आधी आभार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ग्रीकांनी ट्रॉय नगरीवर केलेल्या ज्या युद्धात बाण देव वळवतात, शिरस्त्राणाचे पट्टे देव तोडतात, त्यातल्या माणसांना वीर कशाला म्हणायचं? त्या तर कळसूत्री बाहुल्या. शिवाय हे देव एका नळावर भांडणाऱ्या बिऱ्हाडांपेक्षा काही बरे नाहीत. ट्रॉयवर एवढं लिहूनही लाकडी घोडा नाही, ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ वीर अकिलीस याची टाच नाही. आणि ट्रॉयच्या राजपुत्राबद्दलचं ‘हेक्टरने कधी पाठ दाखवली नाही’ हे माझं वाक्य साफ चूक आहे.

शेवटचा मुद्दा बिनशर्त मान्य. हेक्टर पळाला होता. त्याच्यावर माझा जीव आहे आणि लिहिताना पुस्तक उघडलं नाही, एवढंच कारण. पण त्या पळण्याविषयी शेवटी सविस्तर लिहिते, कारण तुमच्या बाहुल्यांच्या मुद्द्याचं उत्तरही मला तिथेच दिसतं.

आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघू. ‘इलियड’मध्ये घोडा नाहीच. चोवीस सर्गांचं, पंधरा हजारांहून जास्त ओळींचं हे काव्य दहा वर्षांच्या युद्धातल्या शेवटच्या वर्षातले काही आठवडे सांगतं आणि हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं. तेव्हा ट्रॉय अजून उभंच असतं. लाकडी घोड्यात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले, ती घोड्याची गोष्ट होमरच्या दुसऱ्या काव्यात, ‘ओडिसी’त येते, डेमोडोकस नावाचा आंधळा गायक ती गातो आणि ऐकणारा काव्याचा नायक ओडिसिअस रडतो. टाचेचं तर त्याहून गमतीचं आहे. शरीर अभेद्य व्हावं म्हणून आईने अकिलीसला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुचकळलं, टाच तेवढी कोरडी राहिली, ही कथा आपल्याला भेटते ती स्टेशिअस या रोमन कवीकडे, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. होमरच्या अकिलीसला एकविसाव्या सर्गात अ‍ॅस्टरोपीअसचा भाला हाताला चाटून जातो आणि रक्त येतं. गांधारीने डोळ्यांची पट्टी सोडून दुर्योधनाला वज्रदेह केलं आणि मांडी तेवढी राहिली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण व्यासांच्या संहितेत ती शोधायला गेलात तर सापडत नाही. तसंच हे. न मरणाऱ्या वीराला कुठेतरी एक मऊ जागा असावी, असं लोकांना सगळीकडेच वाटत असावं.

आता देव. ते भांडकुदळ आहेत, हे नाकारायला मी कोण? चौथ्या सर्गात हेरा आपल्या नवऱ्याला, देवांचा राजा झ्यूसला, सांगते: आर्गोस, स्पार्टा आणि मायसिनी ही माझी सगळ्यात लाडकी नगरं, तुला वाटेल तेव्हा ती उद्ध्वस्त कर, मी आड येणार नाही, फक्त आता मला ट्रॉय दे. आपल्याच भक्तांची तीन शहरं ती अशी सहज देऊन टाकते. एकविसाव्या सर्गात तीच हेरा शिकारीची देवी आर्टेमिस हिचे हात धरून तिच्याच धनुष्याने तिचे कान शेकते, आणि देवांची ही हाणामारी बघून झ्यूस मनातल्या मनात खूश होऊन हसतो. तुमचा राग नवाही नाही. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात झेनोफेनीस हा ग्रीक विचारवंत चिडून म्हणून गेला की चोरी, व्यभिचार आणि एकमेकांची फसवणूक, माणसांत जे जे लाजिरवाणं ते सगळं होमर आणि हेसिअड या कवींनी देवांच्या माथी मारलं. प्लेटोलाही आपल्या आदर्श नगरीतल्या मुलांच्या कानावर या गोष्टी पडायला नको होत्या. तेव्हा तुम्ही चांगल्या पंगतीत बसला आहात.

पण एक जागा बघा. पाचव्या सर्गाच्या शेवटी डायोमिडीस हा ग्रीक वीर प्रत्यक्ष युद्धदेव अ‍ॅरीसच्या पोटात भाला खुपसतो. नऊ-दहा हजार माणसांनी एकदम ओरडावं तसा अ‍ॅरीस किंचाळतो, देवांच्या ऑलिंपस पर्वतावर पळतो आणि बापाकडे गाऱ्हाणं घालतो. झ्यूस आधी त्याला झापतो, मग औषध लावायला लावतो. जखम क्षणात भरते, हीबी ही देवी त्याला आंघोळ घालते, नवे कपडे घालून स्वारी बापाशेजारी ऐटीत जाऊन बसते. सर्ग संपला. पुढच्या सर्गात पंधरा ओळी होतात न होतात तोच हाच डायोमिडीस अ‍ॅक्सिलस नावाच्या माणसाला मारतो. हा अ‍ॅक्सिलस अरिस्बीचा. घर रस्त्यालगत, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना तो जेवूखाऊ घालायचा. होमर एवढंच सांगतो की त्या सगळ्या पाहुण्यांपैकी एकही त्या दिवशी त्याच्या पुढे उभा राहायला आला नाही. बस्स. अ‍ॅक्सिलस पुन्हा काव्यात येत नाही.

देवांना मरण नाही म्हणून त्यांचा सगळा पोरखेळ. जे करतील ते आंघोळ करून धुऊन टाकता येतं. माणसाचं केलेलं मात्र त्याच्या अंगावर राहतं. ते देव काढून टाकले तर हा फरक कशाशेजारी ठेवून दाखवायचा?

राहिल्या बाहुल्या. पहिल्या सर्गात भर सभेत अकिलीस ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉनला मारायला तलवार उपसत असतो. ग्रीकांच्या बाजूची देवी अथीना मागून येऊन त्याचे केस धरते. पण ती म्हणते काय? ‘तुझा राग आवरायला आले आहे, ऐकणार असलास तर.’ बाहुलीला कुणी ‘ऐकणार असलीस तर’ म्हणत नाही. तिसऱ्या सर्गात हेलनला पळवून आणणारा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस द्वंद्वात हरायला आलेला असताना प्रेमदेवता अफ्रोडायटी त्याच्या शिरस्त्राणाचा पट्टा तोडते, त्याला धुक्यात गुंडाळून थेट शयनगृहात नेऊन ठेवते (तुम्ही म्हणता तो पट्टा हाच) आणि हेलनला बोलवायला येते. हेलन देवीच्या तोंडावर सांगते: एवढी माया असेल तर तूच जाऊन बस त्याच्याजवळ, देवांची वाट सोड. शेवटी धमकी ऐकून ती जाते, पण गप्प बसून नाही. पॅरिसला ऐकवायचं ते ऐकवतेच.

आणि आगामेम्नॉन. अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान ब्रायसीस हिसकावून याने एवढा अनर्थ घडवला, अकिलीसने लढणंच सोडलं. एकोणिसाव्या सर्गात समेटाच्या वेळी तो उभा राहून म्हणतो, दोष माझा नाही. झ्यूसचा, नियतीचा आणि अंधारात फिरणाऱ्या सूडदेवता एरिनिसचा. त्यांनीच माझी बुद्धी फिरवली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, घ्या, खापर फोडायला देव आहेतच. पण पुढचं वाक्य वाचा. बुद्धी फिरली म्हणूनच मी भरपाई द्यायला तयार आहे, असं तो म्हणतो. आणि देतो: सात तिपाया, दहा टॅलंट (एक जुनं वजन) सोनं, वीस कढया, बारा घोडे, सात दासी, आणि आठवी ब्रायसीस. (बायका या यादीत कढयांच्या रांगेत बसतात, हे वाचताना मला अजून त्रास होतो.) आपल्याकडे कुणी ‘माझी मतीच फिरली होती’ म्हणाला की पुढे ‘म्हणून सोडून द्या’ येतं. इथे म्हणून मोजून देणं येतं. करवलं देवाने आणि केलं मी, या दोन गोष्टी त्या माणसांच्या डोक्यात एकमेकींना खोडत नाहीत.

एका ठिकाणी मात्र माझ्याकडे उत्तर नाही. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याला ट्रॉयच्या बाजूचा देव अपोलो मागून येऊन पाठीवर थाप मारतो, शिरस्त्राण उडतं, भाला मोडतो, चिलखत सुटतं. मग युफोर्बस हा ट्रॉयचा योद्धा पाठीत भाला मारतो आणि शेवटी हेक्टर. मरता मरता पॅट्रोक्लस म्हणतो, मला मारणाऱ्यांत तुझा नंबर तिसरा. हा अन्याय आहे, आणि मरणाराच तो बोलून दाखवतो. यावर मी वकिली करणार नाही.

आता हेक्टर. पॅट्रोक्लसच्या सुडासाठी अकिलीस पुन्हा लढायला उतरला आहे. बाविसाव्या सर्गात आईबाप तटावरून विनवत असताना तो वेशीबाहेर अकिलीसची वाट बघत उभा असतो. अकिलीस जवळ येतो आणि याचा धीर सुटतो. तटाभोवती तीन फेऱ्या. वाटेत दोन झरे लागतात, एक गरम आणि एक थंड, आणि शेजारी धुण्याच्या दगडी डोणी. ग्रीक यायच्या आधी, शांततेच्या दिवसांत, ट्रॉयच्या बायका-मुली तिथे कपडे धुवायच्या. एक माणूस जीव मुठीत धरून धावतोय आणि कवी मध्येच धुण्याचं सांगतोय! पुढे म्हणतो, ही शर्यत बळीच्या पशूसाठी किंवा बैलाच्या कातड्यासाठी नव्हती, हेक्टरच्या जिवासाठी होती. आणि सगळे देव बसून बघत होते.

चौथ्यांदा झऱ्यांपाशी आल्यावर झ्यूस सोन्याचा तराजू धरतो, हेक्टरचं पारडं खाली जातं, अपोलो त्याला सोडून निघून जातो. अथीना त्याच्या भावाचं, डेइफोबसचं, रूप घेऊन शेजारी उभी राहते. भाऊ सोबत आला म्हणून हेक्टर थांबतो. अकिलीसचा नेम तो चुकवतो. तो भाला अथीना गुपचूप उचलून अकिलीसला परत देते. हेक्टरचा भाला ढालीवर आपटून उडतो. तो दुसरा भाला मागायला भावाला हाक मारतो आणि शेजारी कुणीच नसतं.

इथपर्यंत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दोऱ्या दिसतात, ओढणारे हातही दिसतात. पण तेवढ्यात हेक्टरलाही त्या दिसतात. अथीनेने फसवलं, मरण आलं, हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो. मरायचंच तर न झुंजता नको, पुढच्या लोकांच्या कानावर जाईल असं काही करून मरेन, असं म्हणून तलवार उपसतो आणि गरुडासारखा झेपावतो. हे करायला त्याला कुठल्याही देवाने सांगितलेलं नाही. तिथे आता त्याच्या बाजूचा देवच उरलेला नाही.

लेखातलं वाक्य आज दुरुस्त केलं आहे. आता तिथे ‘हेक्टर तटाभोवती तीनदा पळाला आणि मग थांबला’ असं आहे.