खुलासा : ‘पांढरं जाणं’ आणि तो मेसेज
बचत गटाच्या ग्रुपवर फिरतंय : खाली खाज, दह्यासारखं पांढरं जाणं हे अस्वच्छ बायांनाच होतं, जंतुनाशकानं आतून धुवा. परवा मीच तो मेसेज पुढं पाठवला. चुकलं माझं.

काल इथं बीडला डॉक्टरीणबाईंना विचारलं. ही कॅन्डिडा नावाची बुरशी. पुष्कळ निरोगी बायांच्या अंगात ती असतेच. 4 पैकी साधारण 3 बायांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण, ताब्यात नसलेली शुगर यांनी ती वाढते. आतून धुतलं की चांगले जंतू कमी होतात, आग वाढते. सारखंच होत असेल तर शुगर तपासा. गरोदर असाल तर मनानं गोळी घेऊ नका.

ऊसतोडीच्या फडावर पाण्याचीच मारामार, तिथं बाईला अस्वच्छ कसं म्हणायचं?

तो मेसेज थांबवा. पाठवला असेल तिथं हा टाका.