छंद पाळावेत, वाढवू नयेत

तुम्हाला एकाच वेळी जलरंग, गडकिल्ले, मोडी लिपी, हार्मोनियम आणि कॉफीच्या बिया घरी भाजणं, एवढं सगळं आवडतं? मग तुमचा जन्म योग्य काळात झाला आहे. पूर्वी अशा माणसाला घरचेच ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणून निकालात काढायचे. आता त्याच चिंध्यांची गोधडी शिवून ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ म्हणून बाजारात मांडता येते. थोडी पथ्यं पाळावी लागतात, एवढंच.

छंदाची सुरुवात खरेदीने करावी. शेवटही तिथेच झाला तर उत्तम. हार्मोनियम घ्यायला गेलात की दुकानदाराला ‘डबल रीड की ट्रिपल?’ असं आपणहून विचारावं आणि उत्तर कळलं नाही तरी मान डोलवावी. पेटी घरी आली की तिचा फोटो काढावा, चार लोकांना पाठवावा आणि तिला माळ्यावर चढवावं. दोन पावसाळ्यांनी खाली काढाल तेव्हा भाता हलवला की एक सूर कुठलीही पट्टी न दाबता आपोआप लागेल. त्याला रियाज समजायला हरकत नाही. शेजारीच जलरंगांची पेटी असेल. तिच्यातली पिवळ्याची ट्यूब तेवढी उघडलेली, आणि तिचं टोपण आता पकडीनेही निघत नाही. या अवस्थेला पोचलेला छंद सुरक्षित समजावा. तो तुमच्याकडे पुन्हा काही मागत नाही.

ज्यांना यापुढे जायचंच आहे, त्यांनी आधी डॉक्टर व्हावं. मराठी घरात कलेला परवानगी मिळवण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे. काशीनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर, श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, जब्बार पटेल लहान मुलांचे डॉक्टर, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. एकूण मराठी रंगभूमीवर एखादं छोटं रुग्णालय सहज चाललं असतं. ‘त्यांनीसुद्धा आधी शिक्षण पूर्ण केलं हो!’ हे वाक्य प्रत्येक आई-बापाला पाठ असतं. लागूंनी चाळिशीला आल्यावर चांगली चाललेली डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नाटक धरलं, हा भाग मात्र मुलांना सांगू नये. गोष्ट पदवीदान समारंभापर्यंत आणून थांबवावी.

सगळ्यात कडक पथ्य हे: आपल्या छंदांची एकमेकांशी ओळख होऊ देऊ नये. सोमवारी गिटार, बुधवारी झुंबा, शनिवारी कुंभारकाम. प्रत्येकाचा वार वेगळा, वर्ग वेगळा, फी वेगळी. एकदा का ते आपसात बोलायला लागले की माणूस हातचा जातो. धोक्याची सूचना म्हणून दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण द्यावं लागेल. गोव्यात जन्म, हार्वर्डचं शिक्षण, फर्ग्युसनमध्ये गणिताची मास्तरकी. एवढ्यावर सुखाने पेन्शन खाता आली असती. पण संख्याशास्त्राचा हात बसावा म्हणून या गृहस्थांनी प्राचीन नाण्यांची वजनं करायला घेतली. नाणं जितकं जास्त हातांतून फिरतं तितकं झिजतं, मग या झिजेवरून तक्षशिलेला सापडलेल्या आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेल्या, नाण्यांचा क्रम लावता येईल का, असा त्यांचा हिशोब. तो पडताळण्यासाठी त्यांनी चलनातली साधी नाणीही हजारोंनी तोलली. आपण सुटे पैसे रिक्षावाल्याशी भांडण्यासाठी ठेवतो, त्यांनी तराजूत ठेवले.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण नाणी पाडली कुणी, हा प्रश्न पडला, म्हणजे आला इतिहास. इतिहासाची साधनं संस्कृतात, म्हणून संस्कृतात शिरले, ते थेट जुनी हस्तलिखितं ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढेपर्यंत. ती 1948 साली आली. तोवर 1944 मध्ये जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्रही मांडून झालं होतं, आणि जनुकशास्त्रात ते आजही त्यांच्या नावाने वापरतात. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरायला जाणारे पुष्कळ. हे महाशय तिथे खाली बघत चालायचे आणि अश्मयुगातली इवली दगडी हत्यारं वेचायचे. वाटेतल्या शेंदूर फासलेल्या देवांपाशी थांबून, हा देव इथेच का, जुनी वाट इथूनच जायची का, याची चौकशी करायचे. नोकरी मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, घर पुण्याला, मधे डेक्कन क्वीन. डेक्कन क्वीनमध्ये कटलेट खायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

फळ काय मिळालं? 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. चार वर्षांनी ते गेले. आता त्यांच्यावर परिसंवाद होतात आणि त्यांत ‘असे व्यासंगी लोक आता राहिले नाहीत’ अशी हळहळ व्यक्त होते. ही हळहळ करण्यासाठी माणूस आधी जाऊ द्यावा लागतो, हेही पथ्यातच येतं. जिवंतपणी त्याला ‘तुम्ही नक्की करता काय?’ एवढंच विचारावं.

दिनकर केळकरांचंही तसंच. पुण्यात चष्म्याचा धंदा. शिवाय ‘अज्ञातवासी’ नावाने कविता. इतकं पुरे होतं. पण जुने दिवे, अडकित्ते, दौती, लाकडी दरवाजे गोळा करत सुटले आणि संग्रह वीस हजारांच्या घरात नेला. जगातल्या सगळ्या मोडीत काढलेल्या वस्तू घरात, आणि त्यांतली एकही विकायची नाही! यात ‘पॅसिव्ह इन्कम’ कुठे आहे, सांगा. शेवटी सगळं सरकारला देऊन टाकलं, आणि आपण पाहुणे आले की त्यांना त्या केळकर संग्रहालयात नेतो, कारण पार्किंग मिळालं तर तासाभरात उरकतं.

तेव्हा शहाण्याने आपला परिचय लिहायला घ्यावा. कोचिंगवाले सांगतात तसा: ‘अभियंता | कथाकथनकार | भटक्या | खवय्या | आजन्म विद्यार्थी’. मधल्या उभ्या रेघा विसरू नका, सगळं कर्तृत्व त्या रेघांमध्येच असतं. कुणी ‘कथाकथन कुठे करता?’ असं विचारलंच तर ‘सध्या कॉर्पोरेटमध्ये’ म्हणावं. महिन्याच्या हिशोबाची बैठकसुद्धा त्यात मोडते.

हे सगळं पाळूनही घरातलं एखादं कार्टं बिघडू शकतं. गणिताच्या वहीत मुंग्यांच्या रांगा काढतं, मग रांग वाकडी का जाते म्हणून तास न् तास ओट्याखाली पालथं पडून राहतं, आणि उठल्यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा मागतं. अशा वेळी मारू नये, काळ बदलला आहे. त्याला शनिवारी अबॅकस, रविवारी रोबोटिक्स आणि मधल्या वेळेत ‘व्यक्तिमत्त्व विकास’ लावावं. आणि ओट्याखाली लक्ष्मणरेषा ओढून घ्यावी, म्हणजे मुंग्याही येणार नाहीत.